हिराकस, पोलाद आणि लाकडी मूठ

दक्षिण भारतातील मुशींत तयार झालेल्या वूट्झ पोलादाचे पाते कितीही घासले, तरी त्यावरची प्रसिद्ध लहरदार नक्षी आपोआप दिसत नाही. नुसते घासलेले पाते आरशासारखे एकरंगी असते. फारसी आणि हिंदुस्थानी भाषांत जिला ‘जौहर’ म्हणतात ती ही नक्षी उमटते एका क्षाराच्या पाण्याने. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने पोलादाविषयी लिहिताना ‘झाज’ नावाच्या खनिजाने पात्याची नक्षी प्रकट केली जाते, असे नोंदवले आहे. झाज म्हणजे लोहाच्या सल्फेटवर्गातील क्षार. आपल्याकडील काष्टौषधींच्या दुकानांत याच वर्गातला एक हिरवट खडा ‘हिराकस’ या नावाने मिळत आला आहे. गंमत अशी, की हाच खडा हिरड्याच्या काढ्यात पडला की काळी शाई तयार होते. पात्याचे सौंदर्य उघड करणारे द्रव्य लाकडी मुठीला शत्रू का ठरते, याचे अर्धे उत्तर या शाईत आहे.

वूट्झमध्ये कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. इतका कार्बन लोहात सामावत नाही; उरलेला लोहाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचे अतिशय कठीण कार्बाइड बनते आणि घडाईच्या ओघात त्याचे कण पट्ट्यापट्ट्यांनी जमतात. हिराकशीचे द्रावण हवेत राहिले की त्यातील लोहाचा काही भाग फेरिक रूपात जातो, द्रावण आम्लधर्मी होते, आणि हे फेरिक आयन धातुरूप लोहाला विरघळवू लागतात. मऊ भाग आधी खाल्ला जाऊन काळवंडतो, सिमेंटाइट टिकून उजळ राहते. हल्लीचे कारागीर हिराकशीऐवजी फेरिक क्लोराइड वापरतात; इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात विद्यार्थी तांब्याचे सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच तपकिरी द्रावण. काम जलद होते, पण आम्लता आणि क्लोराइड ही दोन नवी संकटे सोबत येतात.

या नक्षीचा शोध युरोपात मुंबईमार्गे गेला. १७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील प्रयोगांचा वृत्तान्त सोसायटीपुढे मांडला. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि चाकू बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांना हे पोलाद इतके आवडले, की पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेला सोबत घेऊन त्यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर काही वर्षे काम केले. १८१९ मध्ये फॅरडेने वूट्झचे गुण त्यातील ॲल्युमिना आणि सिलिका यांच्या अंशामुळे असावेत, असे मानले. तो तर्क चुकला. नक्षीचे मूळ कार्बनात आहे, हे १८२० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या टांकसाळीतील ज्याँ-रोबेर ब्रेआँ यांनी दाखवले. सौम्य आम्लाने पृष्ठभाग खाऊन आतली रचना वाचायची, ही रीत या सर्व प्रयोगांत होती आणि आजची धातुचित्रण प्रयोगशाळाही ती सोडू शकलेली नाही. शिकलगाराच्या हातचे काम वैज्ञानिकाचे साधन झाले, असे म्हणणे अतिशयोक्त नाही.

या इतिहासात मूठ मात्र दुर्लक्षित राहते. भारतीय तलवारीची नेहमीची मूठ लोखंडी असल्याने तिथे प्रश्न मर्यादित होता. लाकडी मूठ ही सुऱ्या, कोयते, कुकरी आणि घरगुती चाकू यांची. दख्खनमध्ये अवजारांच्या दांड्यांना बाभळीचे लाकूड पूर्वापार पसंत आहे, कारण ते चिवट आणि टिकाऊ असते. बाभूळ, खैर, ओक अशी झाडे टॅनिन या तुरट द्रव्यांनी समृद्ध असतात. लोहक्षार आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळे संयुग तयार होते. कलमकारीचा कारागीर कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतो आणि मग गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेले द्रावण लेखणीने भरतो. रेष क्षणात काळी पडते ती याच अभिक्रियेने. मुठीवर उडालेला द्रावणाचा थेंबही नेमके हेच करतो. फरक इतकाच, की तिथे रेष हवी असते आणि इथे नको असते.

डाग हे वरवरचे नुकसान. खरे नुकसान डोळ्यांआड होते. पात्याचा निमुळता मागचा भाग मुठीतल्या छिद्रात शिरलेला असतो. लाकडाच्या नलिका त्याच्या लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून आडव्या कापाच्या तोंडाशी लागलेले द्रावण आतवर झपाट्याने ओढले जाते आणि आडव्या दिशेने मात्र हळू पसरते. बाहेरून पुसलेली मूठ कोरडी दिसते, आत क्लोराइड हवेतील ओलावा धरून बसते, आणि मुठीतील पोलाद गंजू लागते. गंज मूळ लोहापेक्षा अधिक जागा घेतो, त्यामुळे काही काळाने लाकडाला उभी चीर जाते. दरम्यान आम्ल सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या साखळ्या तोडत असते, आणि लोहाचे आयन हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तंतूंचे ऑक्सिडेशन वेगवान करतात. युरोपातील जुन्या दस्तऐवजांत लोहशाईची अक्षरे जिथे होती तिथे कागदाला भोके पडलेली आढळतात. कागद आणि लाकूड दोन्ही मुळात सेल्युलोजच, म्हणून कारणही एकच. १६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे वासा हे ओकचे जहाज आज याच जोडीशी, म्हणजे लोह आणि आम्ल यांच्याशी, झगडत आहे.

त्यातून सुटण्याचे उपायही निरुपद्रवी नाहीत. आम्ल मारायला सोड्याचे पाणी देतात. पण लाख अल्कलीत विरघळते. भारतीय शस्त्रांत पाते आणि मूठ सांधायला लाखमिश्रित मसाला वापरला जाई, आणि लाकडावर लाखेचा लेपही असे. म्हणजे एका संकटावरचा उतारा दुसरे संकट ओढवतो. काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने उतरतात, कारण ते लोहाला बांधून पाण्यात विरघळणारे संयुग बनवते. मात्र ते विषारी आहे, आणि गाभ्यात पोहोचलेल्या लोहाला त्याचा फारसा स्पर्श होत नाही. म्हणून जुन्या कार्यशाळांतला क्रम शहाणपणाचा म्हणावा लागतो: आधी पाते घासायचे, त्यावर नक्षी उमटवायची, धुऊन तेल लावायचे, आणि मूठ शेवटी बसवायची. लाख तापवली की मऊ होते, त्यामुळे गरज पडल्यास मूठ उतरवताही येई.

संग्रहालयांत मात्र हा क्रम उलटा होतो. शतकभर घासूनपुसून जौहर पुसट झालेले पाते तिथे मुठीसकट येते आणि नक्षी पुन्हा दिसावी, अशी मागणी होते. मूठ उतरवावी तर तापवण्याने जुना मसाला आणि लाकूड दुखावण्याची भीती. तशीच ठेवून मेणाने झाकावी तर सांध्यातील फट पूर्ण बंद झाली याची खात्री नाही. धातूच्या अभ्यासकाला नक्षी हवी असते, लाकूड सांभाळणाऱ्याला स्पर्शच नको असतो. दोघांपैकी दुसऱ्याचे ऐकावे, कारण नक्षी पोलादाच्या आत सुरक्षित आहे आणि पुढेही उघड करता येईल. कुजलेला तंतू परत येत नाही.

याच कथेत तरवडाचे झुडूप दोनदा येते. दक्षिणेत पोलाद करताना मुशीत लोखंडासोबत तरवडाच्या लाकडाचे तुकडे घालत आणि त्यांतून पोलादाला कार्बन मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी म्हैसूरच्या आसपास फिरलेल्या निरीक्षकांनी हे नोंदवले आहे. आणि तरवडाचीच साल टॅनिनसाठी चामडे कमावायला वापरली जाई. नीट न धुतलेले पाते अशा चामड्याच्या म्यानात गेले, तर म्यानही आतून काळे पडते.