तीर कशावर टेकतो?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एका भिंतीवर मराठीत 'शिस्त' असा एकच शब्द मोठ्या अक्षरांत रंगवला आहे. समोरच्या भिंतीवर त्याच अर्थाने उर्दूत 'नज्म-ओ-जब्त'. या दोन शब्दांच्या मधून मुले रोज वर्गात जातात. बी.एड. करून मी या उर्दू शाळेत इतिहास शिकवायला लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. महाड-पोलादपूर भागातली ही शाळा लहान आहे. इतिहासाच्या बाईंकडेच खेळाचा तास. यांपैकी एक शब्द तिरंदाजाच्या अंगठ्यावरून आपल्या भाषेत आला आहे, हे मात्र गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

झाले असे. कुवेतला नोकरीत असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दोन रिकर्व्ह धनुष्ये घेऊन दिली. मूठ लाकडी, दोन्ही पाती सुटी करून पेटीत ठेवता येतील अशी, नवशिक्यांची. मुलांचा आनंद विचारू नका. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळला आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आहे. आमच्याकडून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा. तेव्हा ही नावे मुलांना शेजारच्या घरातली वाटतात.

तीर सोडताना त्याचा पुढचा भाग ज्यावर टेकतो त्या छोट्या आधाराला 'रेस्ट' म्हणतात. आमच्या धनुष्यांना ती प्लास्टिकची होती, मागे डिंकाची पट्टी असलेली. श्रावणात एका उघडीप मिळालेल्या दुपारी मुलांना मैदानावर नेले, तर पहिल्याच खेचीला एक रेस्ट सुटून चिखलात पडली. दुसरी दोन दिवसांनी गेली. मी फेविकॉल लावून पाहिला, सायकलवाल्याकडचे सोल्युशन लावून पाहिले. कोकणातल्या पावसापुढे कसलाच डिंक टिकेना.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने काय केले, तीर धनुष्याच्या उजव्या बाजूला घेतला, डाव्या हाताचा अंगठा थोडा वर करून त्यावर टेकवला आणि दोरी उजव्या अंगठ्यात अडकवून ओढली. "टीचर, ऐसे तो नहीं गिरता," म्हणाली. मी रागावले. तीर डाव्या बाजूला असतो, दोरी तीन बोटांनी ओढायची असते, असे सांगितले. "एर्तुग्रुल में तो ऐसेच करते हैं," ती पुटपुटली. मालिका बघून इतिहास शिकणाऱ्या मुलांवर मी एरवी चिडते. त्या रात्री पुस्तके काढून बसले, तेव्हा कळले की चूक माझी होती.

दोरी तीन बोटांनी ओढली की ती सुटताना किंचित एका अंगाला सरकते आणि तिच्या पिळाने तीर धनुष्याच्या डाव्या अंगाला चिकटून राहतो. युरोपात हीच रीत होती, आजच्या ऑलिंपिकमध्येही हीच आहे. अंगठ्याने ओढले की पीळ उलटा बसतो आणि तीर उजव्या अंगाला दाबला जातो. म्हणून तुर्क, इराणी, मंगोल, मोगल, चिनी असे सगळे तीर उजव्या बाजूला ठेवत आणि धनुष्य धरलेल्या हाताचा अंगठा हीच त्यांची रेस्ट असे. घोडा भरधाव असतानाही तीर घसरत नसे, कारण तो नुसता टेकलेला नसे, दोरीच्या पिळाने दाबलेला असे. मुलीचे म्हणणे हेच होते. तिला कारण सांगता आले नव्हते आणि मला तर ठाऊकही नव्हते.

एकलव्याची गोष्टसुद्धा मग वेगळी दिसू लागते. तीन बोटांच्या रीतीत अंगठ्याचे काही काम नाही. द्रोणाने मागितला तो अंगठाच, कारण दोरी ओढण्यात त्याचा वाटा मोठा होता. नंतर एकलव्य बोटांनी बाण मारू लागला पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असे महाभारतातच आहे. चवदार तळ्याच्या गावात ही गोष्ट शिकवताना आवाज आपोआप बदलतो, ते निराळे.

अंगठ्यावर तीर टेकवायचा आणि अंगठ्यानेच दोरी ओढायची, तर दोन्ही अंगठ्यांना संरक्षण हवे. दोरीच्या अंगठ्यासाठी अंगठी असे: शिंगाची, हाडाची, हस्तिदंताची, श्रीमंताकडे यशब दगडाची. फारसीत तिला जिहगीर म्हणत. 'जिह' म्हणजे दोरी, 'गीर' म्हणजे पकडणारा. शाहजहानची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यावर 'साहिबकिरान-ए-सानी' हा त्याचा किताब कोरलेला आहे. दुसऱ्या अंगठ्यासाठी उस्मानी तिरंदाजांनी जी युक्ती काढली, ती वाचून मी हसलेच. तिचे नाव सिपर. डाव्या हाताला पट्ट्याने बांधायची एक लहानशी पन्हळ, तिच्यावर तीर टेकवायचा. त्यामुळे तीर धनुष्याच्या आत आणखी मागे ओढता येई, म्हणजे तीर आखूड आणि हलका चाले, आणि हलका तीर लांब जाई. इस्तंबूलच्या ओकमैदानावर लांब पल्ल्याच्या विक्रमांचे दगड उभारलेले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या उस्मानी वकिलातीतल्या महमूद एफेंदी नावाच्या चिटणिसाने तिथल्या तिरंदाजांसमोर साडेचारशे यार्डांहून लांब तीर टाकला, तेव्हा इंग्रज थक्क झाले होते. आज दुकानात ज्या वस्तूसाठी आपण चौकशी करतो, तिची थोरली बहीण ती हीच.

या विद्येवर आपल्या लोकांनी लिहून ठेवलेले थोडेथोडके नाही. फख्र-ए-मुदब्बिरने तेराव्या शतकात सुलतान अल्तमशसाठी युद्धशास्त्रावर 'आदाब-उल-हर्ब' लिहिले, त्यात कमानींचा विचार आहे. चौदाव्या शतकात मम्लूकांच्या राज्यात तैबुगाने तिरंदाजीवर ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७० साली झाले. अबू हाशिम, ताहिर बल्खी आणि इसहाक अशा तीन जुन्या उस्तादांच्या रीती तो शेजारीशेजारी ठेवतो. मूठ कशी धरावी इथपासून तिघांचे मतभेद आहेत. लेखक त्यांपैकी कुणाला खोटे पाडत नाही. मला, शिक्षिकेला, ते फार आवडले.

आता आमच्या डिंकाकडे येते. तुर्की किंवा मोगल कमान म्हणजे मधे लाकूड, पोटाला शिंग, पाठीवर जनावराचे स्नायू, आणि हे सगळे सरसाने चिकटवलेले. एक कमान पुरी व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागे. पण दमट हवेत सरस सैल होतो. लाखेचा, रंगाचा हात देत, कोरड्या जागी ठेवत, तरी हिंदुस्थानचा पावसाळा तिला सोसत नसे. म्हणून इथे पोलादी कमानी निघाल्या. मारा शिंगाच्या कमानीइतका नाही, पण वर्षानुवर्षे शस्त्रागारात पडून राहिली तरी बिघडत नाही. मराठीत ट्रकच्या पात्यांच्या स्प्रिंगला कमानपाटा म्हणतात. कशेडी घाटाखालच्या गॅरेजांत तो शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो, आणि वस्तूही तीच: वाकणारे, परत सरळ होणारे पोलाद.

महाडला वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात जावळीचे जंगल. घोडेस्वार तिरंदाजाला लागते मोकळे मैदान आणि कोरडी हवा. इथे दोन्ही नाही. पोलादपूरच्या डोक्यावर प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दिवसाच्या कथेत वाघनखे आहेत, तलवार आहे, तोफेचा आवाज आहे. कमान कुणाला आठवत नाही. माझ्या मते त्याचे एक कारण आमची हवा आणि आमचे रान हेच आहे. इथला साधा माणूस वापरी तो बांबूचा कामठा. कातकऱ्यांच्या हातात तो होता, वरच्या नंदुरबारकडच्या भिल्लांकडे अजून आहे. भिल्लांच्या कामठ्याची तर दोरीसुद्धा बांबूच्या कामठीची. त्याला डिंक नाही, रेस्ट नाही. तीर टेकतो तो मुठीवरच.

कमान गेली तरी तिचे शब्द राहिले. रायगड आमच्याच तालुक्यातला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंत्यांकडून करवून घेतला गेला. त्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. तरी मराठी माणूस आजही तिरंदाज म्हणतो. दरवाजाची कमान म्हणतो, घड्याळाची कमान म्हणतो. मुंबईत पवईला तिरंदाज नावाचे गाव आहे. कोश करणाऱ्यांचा हेतू मला समजतो. राज्य आपले तर भाषाही आपली, असे त्यांना वाटले. पण आपली भाषा तोवर दोन्हीकडचे घेऊन बसली होती.

आणि 'शिस्त'. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा. त्यावरून तिरंदाजाची अंगठी. त्यावरून नेम, उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणेच. नेम म्हणजे सरळ रेघ, सरळ रेघ म्हणजे ओळ, ओळ म्हणजे व्यवस्था, असा तो शब्द सरकत सरकत आमच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला असावा. उर्दूने त्याला नेमापाशीच ठेवले आणि शाळेसाठी दुसरा शब्द घेतला. स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा आमचे मराठीचे सर म्हणाले, "म्हणजे आमच्या भिंतीवर तुमचा शब्द, आणि तुमच्या भिंतीवर?" मी म्हटले, "सर, भिंत एकच आहे." उहुदच्या टेकडीवरच्या पन्नास तिरंदाजांची गोष्ट या वाचकांना सांगायला नको. जागा सोडू नका म्हटलेले असताना बहुतेकांनी ती सोडली. तो पाठ वर्गात घेताना आता मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिते.

राहिली रेस्ट. पुण्याला एका लग्नाला गेले होते, तिथून क्रीडासाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने पाच-सहा तऱ्हा मांडल्या. प्लास्टिकची चिकटपट्टीवाली सर्वांत स्वस्त. तारेची, लोहचुंबकाची: तीर निघताना पिसे लागली तर तार मागे दुमडते आणि चुंबकाने परत जागेवर येते. तिची उंची थोडी वरखाली करता येते. तिच्या जोडीला धनुष्याच्या मुठीत आरपार बसणारे एक बटन. त्यात स्प्रिंग असते आणि ते तिराला बाजूने आधार देते. तीर सुटताना सरळ जात नाही, सापासारखा वाकत जातो. हे विसाव्या शतकात वेगवान छायाचित्रांनी सिद्ध केले. त्या वाकण्याला बटनाची स्प्रिंग कमीजास्त करून आवरायचे. तीर मऊ की कडक, मूल किती ओढते, यावर ते ठरते. आमची मुले वेगवेगळ्या उंचीची आणि धनुष्ये दोनच, म्हणून फिरवून जुळवता येणारी रेस्ट घेणे भाग होते. आधी मात्र मुठीला बटनाचे भोक आहे का ते बघावे लागते. आमच्या सुदैवाने होते, लाकडी बुचाने बंद केलेले. आणखी एक: तारेचे टोक तिराच्या बाहेर डोकावता कामा नये, नाही तर पिसे अडतात. उजव्या हाताची रेस्ट डावखुऱ्याला चालत नाही. अंगठ्याची चालत असे.

चिकटवण्याचे काम या वेळी मी मे महिन्यात केले. आधी मूठ स्पिरिटने पुसली, पट्टी दाबून बसवली आणि पुरा एक दिवस धनुष्याला कुणाला हात लावू दिला नाही. शिंगाच्या कमानी करणारे ऋतू पाहून सरस लावीत, ते आठवले. कच्छमधल्या कमांगर मुसलमानांचे पूर्वज कमानी करीत आणि त्यांवर रंगकाम करीत. कमानीचा धंदा बसल्यावर त्यांनी भिंती रंगवायला घेतल्या. आमच्या पेंटरला हे सांगितले. तो म्हणाला, "टीचर, मग त्या पाटीखाली एक कमान काढून देऊ का?" अजून काढलेली नाही.

सुट्टी संपायच्या आधी त्या मुलीला बोलावले. डाव्या अंगठ्याला सुती पट्टी बांधली, उजव्या अंगठ्याला चामड्याचा तुकडा, आणि दहा मीटरवर पेंढ्याचा भारा उभा केला. एकदा तुझ्या रीतीने मार म्हटले. तीन तीर. दोन पेंढ्यात बसले, तिसरा कुंपणापलीकडे करवंदीच्या जाळीत गेला. तो काढताना माझी ओढणी फाटली. मग तिने बटनवाले धनुष्य घेतले. रेस्ट अजून जागेवर आहे. पाऊस आठवडाभरात येईल म्हणतात.