फेअरहेवनची ‘स्प्रे’: एका टाकून दिलेल्या नौकेची पुनर्बांधणी

‘स्प्रे’ ही शिडाची नौका ओळखली जाते ती जोशुआ स्लोकम यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेमुळे. एकट्या माणसाने नौकेतून केलेली ही जगातली पहिली प्रदक्षिणा. त्याआधी सात वर्षे ही नौका अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, फेअरहेवन या बंदरगावाच्या एका कुरणात टेकूंवर उभी होती. स्लोकम यांनी तेरा महिने खपून ती नव्याने बांधली. सामानाचा खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. इतक्या कमी पैशांत हे काम झाले, याचे मूळ त्या काळातल्या बंदरांच्या अवस्थेत आहे. शिडाचा धंदा बुडत होता, आणि त्या बुडण्यातूनच टाकून दिलेली नौका, बेकार झालेला कप्तान आणि लाकूडकामाची जाण असलेले गाव एकत्र आले.

फेअरहेवनच्या समोर, अकुश्नेट नदीच्या पलीकडे, न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचे जगातले सर्वांत मोठे बंदर होते. देवमाशाच्या तेलावर जगभर दिवे जळत. १८५९ मध्ये पेनसिल्वेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि स्वस्त रॉकेलने ही बाजारपेठ हळूहळू गिळली. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात अडकलेली ३३ जहाजे सोडून देण्याची वेळ खलाशांवर आली. मालवाहतूकही आगबोटींकडे वळली होती. उंच डोलकाठ्यांच्या जहाजांचे कोळसा वाहणारे पडाव झाले आणि दुसऱ्या बोटी त्यांना ओढून नेऊ लागल्या.

स्लोकम यांचा जन्म १८४४ मध्ये नोव्हा स्कोशियात झाला. खलाशी म्हणून सुरुवात करून ते मोठ्या जहाजांचे कप्तान झाले. ‘अक्विडनेक’ हे त्यांचे स्वतःचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले, तेव्हा तिथेच त्यांनी ‘लिबर्दादे’ नावाची ३५ फुटी नौका बांधली आणि १८८८ मध्ये बायकामुलांसह तीतून अमेरिका गाठली. हाताशी असेल त्यातून नौका उभी करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नोकरी मात्र नव्हती. जहाजबांधणीच्या आवारात कारागीर म्हणून शिरायचे, तरी आधी एका संघटनेला ५० डॉलर भरावे लागत होते.

१८९२ च्या हिवाळ्यात देवमाशांच्या शिकारीतले जुने कप्तान एबेन पियर्स यांनी त्यांना एक जहाज फुकट देऊ केले. थोडी दुरुस्ती लागेल, असेही सांगितले. प्रत्यक्षात पुढे आली ती ताडपत्री पांघरलेली ‘स्प्रे’. डेलावेअरच्या किनाऱ्यावर कालवे गोळा करणारी नौका म्हणून ती बांधली गेली, अशी समजूत होती. स्लोकम आता ती मोडीत काढणार, असे गावकऱ्यांनी धरले होते. ती नव्याने बांधणार असल्याचे कळल्यावर, हा उद्योग परवडेल का, असे ते वर्षभर विचारत राहिले.

काम तळापासून सुरू झाले. जवळचा एक ओक पाडून त्यातून नौकेचा कणा तासला. एका शेतकऱ्याने अल्प मोबदल्यात तो ओंडका आणि बरगड्यांपुरते लाकूड ओढून आणले. बरगड्यांसाठी सरळ वाढलेली कोवळी झाडे निवडली. एका भांड्याचा बंब करून वाफपेटी उभारली, त्या वाफेने लाकूड लवचीक झाले की ते ओंडक्यावर वाकवून आकार धरेपर्यंत बांधून ठेवले. नाळेचा मुख्य खांबही ओकचाच. तो पाहायला आलेल्या, आर्क्टिक अनुभवलेल्या कप्तानांनी ही नौका बर्फसुद्धा फोडेल, असा निर्वाळा दिला.

बाहेरच्या फळ्या जॉर्जियाच्या दीड इंची पाइनच्या होत्या. त्या पक्क्या करायला सुमारे हजार नटबोल्ट लागले. फळ्यांच्या फटींत आधी कापूस ठोकला, त्यावर जुन्या दोरखंडांचे पिंजलेले धागे भरले. कापूस जागचा हलेल, अशी शंका काहींनी घेतली. तो हलला नाही. तळाला तांबेयुक्त रंगाचे दोन हात आणि वरच्या भागाला सफेद्याचे दोन हात दिले. डोलकाठी न्यू हॅम्पशायरच्या स्प्रूसची बसवली. खुल्या समुद्राचा विचार करून कडांची उंची मध्यावर एक फूट, पुढे अठरा इंच आणि मागे चौदा इंच वाढवली. पूर्ण झालेली नौका ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती.

जुना भाग काढून नवा बसवत गेल्याने मूळ नौका कुठे संपली हे ठरवणे अवघड होते. मात्र जहाजांची नोंद ठेवणाऱ्या लॉइड्स या संस्थेच्या नियमाने, दुरुस्त होत होत सगळेच नवे झाले तरी जहाज तेच राहते; म्हणून ‘स्प्रे’ हे नाव टिकले.

खर्चात मजुरी धरलेली नाही, कारण ती स्लोकम यांची स्वतःची होती. बंदरात अधूनमधून देवमाशांच्या शिकारीचे एखादे जहाज सज्ज होत असे, त्यावर ते काम धरत. त्यामुळे फेअरहेवनमधला मुक्काम तेरा महिन्यांहून लांबला. काटकसर पुढेही चालू राहिली. टाकून दिलेली होडी मधोमध कापून त्यांनी तिच्या अर्ध्या भागाची लहान होडी केली. जहाजावरच्या अचूक घड्याळाच्या, म्हणजे क्रोनोमीटरच्या, दुरुस्तीला १५ डॉलर पडणार होते, म्हणून तो मागे ठेवून फुटक्या तबकडीचे पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेतले.

२४ एप्रिल १८९५ रोजी ‘स्प्रे’ बॉस्टनहून निघाली. वाटेत ब्युनोस आयरेसला डोलकाठी सात फुटांनी कमी केली. पुढे मागच्या बाजूला लहान डोलकाठी जोडून शिडांची रचना बदलली. २७ जून १८९८ रोजी, सुमारे ४६,००० मैलांनंतर, ती न्यूपोर्टला पोहोचली. स्लोकम यांचे प्रवासवर्णन १९०० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि ‘स्प्रे’च्या धर्तीवर अनेक देशांत नौका बांधल्या गेल्या.

खुद्द ‘स्प्रे’ मात्र उतरत्या वयाच्या मालकाबरोबर थकत गेली. तिची देखभाल पूर्वीसारखी राहिली नव्हती, असे शेवटच्या वर्षांत तिला पाहणाऱ्यांनी सांगितले. १९०८ किंवा १९०९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर स्लोकम मार्थाज व्हिनयार्डहून दक्षिणेकडे निघाले आणि नौकेसह बेपत्ता झाले. १९२४ मध्ये कायद्याने त्यांना मृत ठरवले गेले. लाकडी नौकेची दुरुस्ती एकदाच करून संपत नाही. ‘स्प्रे’ कमी पैशांत उभी राहिली ती जन्मभराच्या कौशल्यावर, आणि जगभर फिरली ती त्या कौशल्याचे हात तिच्यावर सतत फिरत होते म्हणून.