बगळ्याचं चिन्ह आणि सीटची अडकलेली दांडी

गेल्या हिवाळ्यात लेकीला सोळावं लागलं आणि तिला सायकल हवी झाली. साधी नाही, वाकड्या हँडलची, रेसिंगची. दुकानातल्या नव्या सायकलींच्या किमती पाहून मी जो सुस्कारा सोडला तो शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून ऐकला असावा. दोन दिवसांनी ते दारात उभे. "ए अप, मी डक," (हे नॉटिंगहॅमचं 'काय, कसं काय?') "माझ्या शेडमध्ये एक पडलीय. घेऊन जा." पैसे घ्यायला तयार नाहीत.

सायकल १९८३ सालची निघाली. रंग उडालेला, चेन गंजून काठीसारखी ताठ, टायरांचा चुरा. पण हँडलखालच्या नळीवर बगळ्याचं डोकं असलेला बिल्ला शाबूत होता. रॅले! (इथले लोक 'रॅली' म्हणतात. पण आपण लहानपणापासून रॅले म्हणत आलो, तेव्हा रॅलेच.) हाच बगळा मी पुण्यात माझ्या आजोबांच्या सायकलवर पाहिला होता. रविवारी सकाळी त्या सायकलचं 'ओव्हरऑयलिंग' चालायचं, तेव्हा तो बिल्ला राखेनं घासून लख्ख करायचं काम माझ्याकडे असे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. पण सायकलला तेल पाजायचं म्हणजे ओव्हरऑयलिंगच बरोबर, असं माझं अजूनही मत आहे.

तर या कंपनीची गोष्ट. नॉटिंगहॅममध्ये रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीत तिघा भागीदारांचं एक छोटं वर्कशॉप होतं. हाँगकाँगमध्ये पैसा कमावून, पण तब्येत गमावून परत आलेला फ्रँक बोडन नावाचा गृहस्थ डॉक्टरांच्या सल्ल्यानं सायकल चालवू लागला, बरा झाला आणि त्यानं १८८८ साली ते वर्कशॉपच घेऊन टाकलं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रॅले जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आला, तोही बोडनच्याच छत्राखाली. पुढे एकेक नाव गिळत कंपनी वाढली. हंबर १९३२ मध्ये, रज १९४३ मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये. १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स म्हणजे टीआय या बर्मिंगहॅमच्या उद्योगसमूहात रॅले विलीन झाली, तेव्हा हर्क्युलस आणि फिलिप्सही त्याच घरात आल्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीनं ज्या नावांवरून कट्ट्यावर वाद घातले (रॅले दणकट की हर्क्युलस?), ती सगळी शेवटी एकाच मालकाची झाली होती.

इथे आमची गाडी अडली ती सीटपाशी. सीटची दांडी अॅल्युमिनियमची, फ्रेम पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये पाणी आणि थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ. म्हणजे घरच्या घरी बॅटरीच तयार झाली की! अॅल्युमिनियमचा गंज फुगतो आणि दांडी आत घट्ट बसते. लेकीनं यूट्यूबवर पाहून हेअर ड्रायर आणला. म्हटलं, थांब, विचार कर. गरम केल्यावर कोणता धातू जास्त फुगेल? अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे तापवून ती आणखी आवळणार. मग उलटा उपाय. फ्रेम उलटी टांगून खालून तीन आठवडे रोज तेल सोडलं आणि एका गोठलेल्या सकाळी दांडीला बर्फ बांधून ठेवला.

दांडी मात्र ढिम्म.

तेवढ्या तीन आठवड्यांत दुसरं एक प्रकरण घडलं. शाळेत इतिहासाच्या तासाला शहरातल्या बंद पडलेल्या कारखान्यांचा विषय निघाला आणि एक मुलगा हिला म्हणाला, "तुझ्याच लोकांनी नेली ती कामं." घरी आल्यावर जेवताना तिनं विचारलं, "बाबा, खरंच आपण नेली?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मी इथे आलोच मुळी कशासाठी? २००४ साली मी ज्या कंपनीत होतो तिनं इथल्या एका ऑफिसचं डिझाइनचं काम पुण्याला न्यायचं ठरवलं. ते शिकून घ्यायला मला सहा महिन्यांसाठी पाठवलं. याला 'नॉलेज ट्रान्सफर' असं गोंडस नाव होतं. ज्याचं काम मी नेणार होतो त्याच्याच शेजारी माझी खुर्ची होती. पन्नाशीचा सज्जन माणूस, एकही प्रश्न टाळला नाही. शेवटच्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली वही मला दिली. पुढे मी दुसरी नोकरी धरून इथेच राहिलो. ती वही अजून माझ्याकडे आहे. लेकीला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

मग आम्ही दोघांनी रॅलेचा हिशेब मांडायचा ठरवला. कामं नेली कोणी?

१९५० च्या दशकात कारखान्यात हजारो माणसं होती. वर्षाला दहा लाखांहून जास्त सायकली निघत आणि त्यांतला मोठा भाग परदेशी जाई. अॅलन सिलिटो हा लेखक चौदाव्या वर्षी याच कारखान्यात कामाला लागला होता. त्याच्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९५८) या कादंबरीचा नायक इथल्याच लेथवर उभा असतो. पण त्याच दशकात इंग्लंडमधल्या कामगाराच्या हाती मोटार येऊ लागली आणि सायकलचा खप घसरला. पहिलं काम नेलं ते मोटारनं, परदेशी माणसानं नव्हे.

दुसरं, कंपनीच्या चुका. अॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरनं छोट्या चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल काढली आणि ती रॅलेला देऊ केली. रॅलेनं नको म्हटलं. १९६२ साली मोल्टननं ती स्वतःच बाजारात आणली, ती तुफान चालली आणि १९६७ मध्ये रॅलेनं मोल्टनचा सायकलचा धंदा विकत घेतला. जे देऊ केलेलं नाकारलं तेच पाच वर्षांनी पैसे मोजून घेतलं!

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. परदेशात कारखाने काढायला रॅले स्वतःच निघाली होती. १९५० च्या आसपास आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास टीआयनं मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस सुरू केली. स्वतंत्र भारताला बाहेरून तयार सायकली नको होत्या, इथे बनवा म्हणत होता. आणि गंमत बघा, सेन-रॅलेही टिकली नाही. १९८० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे तो कारखानाही बंद पडला. नॉटिंगहॅमचा कामगार आणि आसनसोलचा कामगार, दोघांच्याही हाती शेवटी तेच. तिकडे २८ गुणिले दीड इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची ती काळी सायकल आपल्याकडे मात्र बनत राहिली. मूळ नमुना इंग्लंडचा, पण इंग्लंडमध्ये आता ती शोधावी लागते.

उतरणीवरही एक झळाळी होती. १९८० साली टीआय-रॅले संघाच्या योप झूटमेल्कनं टूर द फ्रान्स जिंकली. त्या संघासाठीच्या फ्रेम इथून जवळच्या इल्कस्टनच्या छोट्या विभागात हातानं बनत. आमच्या सायकलवरही त्याच घराण्याचं लेबल निघालं, रेनॉल्ड्स ५३१. १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं काढलेलं हे मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलाद. नळी टोकांना जाड आणि मध्ये मिलिमीटरहून पातळ, म्हणजे जोडापाशी ताकद आणि बाकी वजनात बचत. जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या सांगाड्यातही हेच पोलाद होतं. लेकीनं बोटाच्या नखानं फ्रेमवर टिचकी मारली, घंटेसारखा आवाज आला.

पुढचं भराभर घडलं. १९८७ मध्ये टीआयनं रॅले विकली. २००० मध्ये स्टर्मी-आर्चर तैवानच्या कंपनीकडे गेली. नॉटिंगहॅममध्ये फ्रेम बनवणं १९९९ मध्ये थांबलं आणि नोव्हेंबर २००२ मध्ये जुळणीही. आता त्या जागेवर विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे.

हा सगळा हिशेब घेऊन लेक शेजारच्या आजोबांकडे गेली. ते वीस वर्षं त्या कारखान्यात होते आणि शेवटच्या पर्वाच्या आधीच बाहेर पडले. मला धास्ती, आता हे काय बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरंय. पण पोरी, कारणं कळली म्हणून घरी बसलेल्या माणसाला बरं वाटत नाही." बस, एवढंच. मग उठून शेडमधून एक चंद्रकोरीसारखा पाना आणला आणि तिच्या हातात ठेवला. पायडलच्या आसाच्या वाट्या उघडायचा. कारखान्यातला.

मला वाटतं, त्या मुलाच्या वाक्याचं खरं उत्तर हे असावं. त्याचा हिशेब चुकलेला होता, पण घरातलं दुःख खोटं नव्हतं. लेकीनं ते दोन्ही लक्षात ठेवलं. वर्गात तिनं मोटार, मोल्टन आणि आसनसोल सांगितलंच. आणि त्या मुलाला विचारलं, तुझ्या घरचं कोण होतं तिथे? त्याची आजी. चाकांच्या तारा भरायची.

कामाला पुन्हा जोर आला. त्या पान्यानं वाट्या सुटल्या. (उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते हे मी विसरलो आणि अर्धा तास ती आणखी आवळत बसलो. इंजिनिअर!) पाव इंची छर्रे दोन्हीकडे अकरा-अकरा, लेकीनं रॉकेलमध्ये धुऊन मोजले. चाकं २७ इंची होती, त्यांचे टायर आता मोजकेच मिळतात. म्हणून ७०० सी ची घातली. त्यांच्या रिमचा व्यास आठ मिलिमीटरनं कमी, म्हणजे ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. नशिबानं ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती. चाकांचा आऊट काढायला मात्र मी तिला हात लावू दिला नाही, आणि दोन तासांनी तिनंच तो माझ्याहून चांगला काढला.

आणि दांडी? फेब्रुवारीतल्या एका सकाळी पुन्हा बर्फ बांधला. तिनं सीटच धरून पिळलं आणि कर्र आवाज करत दांडी फिरली. त्या ओरडण्यानं शेजारचे आजोबा चप्पल घालून बाहेर आले.

मार्चमध्ये आम्ही ती सायकल घेऊन लेंटन बुलेव्हार्डला गेलो. कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या मुख्य कचेरीची इमारत अजून उभी आहे. दर्शनी भागावर सायकली बनवणारी गुबगुबीत बाळं कोरली आहेत. आजोबाही आले होते. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं आणि फ्रीव्हीलची टिकटिक कान देऊन ऐकली. "चालेल," म्हणाले.

असो. लेकीची उंची अजून वाढते आहे, पुढच्या वर्षी सीट वर घ्यावी लागेल. म्हणून या वेळी दांडीला भरपूर ग्रीस लावूनच बसवली आहे.