कीचेनला लावायचं प्राय टूल: घेण्याआधी काय बघाल?

गेल्या दिवाळीत रंगाचा डबा उघडायला मी बाईकची किल्ली वापरली. झाकण निघालं, पण किल्ली इतकी वाकली की इग्निशनमध्ये जाईना. डुप्लिकेट किल्ली गावी, आईच्या कपाटात. पुढचे चार दिवस रिक्षाने फिरलो आणि त्याच काळात 'कीचेन प्राय टूल' हा प्रकार पहिल्यांदा नीट वाचून काढला.

प्राय टूल म्हणजे पहारीचं बोटाएवढं पिल्लू. साधारण 5 ते 8 सेंमी लांबीची जाड धातूची पट्टी, एका टोकाला पटाशीसारखा उतार, दुसऱ्या टोकाला रिंगसाठी भोक. डब्याचं झाकण, खोक्यावरच्या स्टेपल पिना, घट्ट बसलेली रिंग, भिंतीतला छोटा खिळा अशा उचकटायच्या कामांसाठी. एरवी ही कामं आपण किल्लीने नाहीतर चाकूच्या टोकाने करतो. चाकूचं पातं कडक असतं, त्यावर आडवा जोर आला की टोक तुटून उडतं. डोळ्याजवळ उडालं तर काय, हे सांगायला नको.

छोट्या पट्टीत एवढा जोर येतो कुठून?

शाळेतली तरफ आठवा. 7 सेंमीचं टूल टोकापासून अर्ध्या सेंमीवर टेकवलं, तर हाताकडची बाजू 6.5 सेंमी. म्हणजे 13 पट फायदा. तुम्ही 5 किलोचा जोर लावला तर टोकाशी साधारण 65 किलोचा जोर पडतो. हा सगळा ताण टेकूपाशी येतो, म्हणून सगळ्यात आधी जाडी बघा. 2 मिमीऐवजी 3 मिमी जाडी घेतली की तीच पट्टी सव्वातीन पटीहून जास्त ताठ होते, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. मात्र टोक निमुळतं हवं, नाहीतर ते फटीत शिरणारच नाही. माझ्या मते अंग 3 मिमीच्या आसपास आणि टोक 1 मिमीपेक्षा बारीक, हे जमून येतं.

स्टील की टायटॅनियम?

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये 'टायटॅनियम' हा शब्द सढळ हाताने वापरतात. खरं ग्रेड 5 टायटॅनियम म्हणजे सुमारे 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू. गंजत नाही आणि वजनाला हलका: 7 सेंमी लांब, 1.2 सेंमी रुंद, 3 मिमी जाड पट्टी स्टीलची असेल तर 20 ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमची 11. पण त्याच मापात टायटॅनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट लवचीक. झाकणं उघडायला चालतं, खिळे काढताना ते लवल्याचं हाताला जाणवतं.

घरी आल्यावर चुंबक लावून बघा. चिकटला तर ते टायटॅनियम नाही, फार तर टायटॅनियम नायट्राइडचा थर दिलेलं स्टील असेल. असं स्टील वाईट नसतं, गर्बर शार्ड या प्रसिद्ध कीचेन टूलवर हाच थर आहे. फक्त भाव टायटॅनियमचा देऊ नका. नाही चिकटला तरी लगेच खूश होऊ नका, काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही. मग वजन करा.

फोनपासून लांब

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात येणारा पहिला उपयोग: फोनचा मागचा काच-पॅनल उघडणं. हे करू नका. आजकालचे पॅनल गोंदाने चिकटवलेले असतात, ते गरम करून प्लास्टिकच्या पातळ पिकने सोडवतात. आत लिथियम बॅटरी असते. धातूच्या टोकाने तिला भोक पडलं किंवा ती दुमडली तर आतले थर शॉर्ट होतात आणि ती हातातच पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी तर अजिबात उचकटायची नाही. तसंच, चालू लाईन असलेल्या स्विचबोर्डमध्ये हे टूल घालू नका, धातूची मूठ म्हणजे तुम्हीच वायर.

खिशातही फोन आणि कीचेन वेगळे ठेवा. नायट्राइडचा थर स्क्रीनच्या काचेपेक्षा कडक असतो, ओरखडा पडणारच.

विमानप्रवासात ते चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेत 7 इंचांपर्यंतची टूल्स केबिनमध्ये नेता येतात म्हणून यूट्यूबवर सगळे बिनधास्त सांगतात, आपल्याकडे सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

बाटली ओपनर, पाना, वायर सोलायची खाच असली तर बोनस. पण प्रत्येक खाच पट्टीला तिथे कमजोर करते, त्यामुळे टोकाजवळ भोकं असलेलं डिझाइन मी टाळतो. आणि रिंगऐवजी पटकन सुटणारी क्लिप लावा. किल्ल्यांचा जुडगा लटकत असताना जोर लावला की त्या बोटांवर आपटतात, शिवाय बाईक चालू ठेवून टूल काढता येत नाही.