रशियन अनुवादातून घडलेले कवी
सोव्हिएत संघात छोट्या भाषांतील कवींना देशभर वाचक मिळे तो रशियन अनुवादामुळे. १९३४ च्या लेखक संमेलनात मॅक्सिम गोर्कींनी निरक्षर लेझगी कवी सुलेमान स्ताल्स्की यांना विसाव्या शतकाचे होमर म्हटले. अनुवाद दोन टप्प्यांत होई. जाणकार व्यक्ती आधी शब्दशः मसुदा करी. त्यावरून, बहुधा मूळ भाषा न येणारा रशियन कवी पद्यरचना करी. स्वतःचे लेखन छापून येणे मुश्कील झालेल्या अख्मातोव्हा, तारकोव्हस्की यांच्यासारख्या रशियन कवींना या कामाच्या मानधनाचा आधार होता. दागेस्तानचे अवार कवी रसूल गमझातोव्ह यांना १९६३ मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला. त्यांची ‘क्रौंच’ ही कविता १९६८ मध्ये नाउम ग्रेब्न्येव्ह यांच्या अनुवादातून प्रसिद्ध झाली. तिचे गाणे होताना तिच्यातल्या डोंगरी घोडेस्वारांच्या जागी सैनिक आले आणि ते गाणे देशभर गाजले.