बुरशीतून निघालेली गोळी

सोलापुरात 1963 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी या गिरण्यांच्या गावातच काय, जगात कुठेच नव्हती.

ती निघाली बुरशीतून. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि 1973 साली पेनिसिलियमच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन हाती लागलं. 1987 मध्ये अमेरिकेने लोव्हास्टॅटिनला परवानगी दिली. भारतात 1970 च्या कायद्याने औषधाच्या फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. देशी कंपन्यांनी वेगळ्या पद्धती शोधल्या आणि गोळी स्वस्त झाली.

2001 मध्ये मात्र सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी झाल्याने काही रुग्ण दगावले होते. त्यांतल्या अनेकांना जोडीला जेमफायब्रोझिल हे रक्तातली चरबी उतरवणारं दुसरं औषध चालू होतं.

आज सोलापुरातल्या औषध दुकानात अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगायची. अंग विनाकारण दुखलं, लघवी काळपट झाली, तर लगेच दाखवायचं. गरोदरपण ठरवतानाही आधी विचारायचं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं.