तीनशे किलोमीटरची गोष्ट

सिंगापूर ते क्वालालंपूर हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. वेळापत्रकात एक तास, फार तर थोडा जास्त दाखवतात. त्यातला हवेतला वेळ पाऊण तास धरा. दोन्हीकडची घड्याळं सारखीच, त्यामुळे हिशोब सोपा. पण या एवढ्याशा अंतराचा इतिहास वाचायला बसलो आणि रविवारची सकाळ त्यातच गेली.

१ मे १९४७ रोजी मलायन एअरवेजची नियमित सेवा सुरू झाली. सिंगापूरहून क्वालालंपूर, इपोह आणि पेनांग. विमान होतं एअरस्पीड कॉन्सुल, दोन इंजिनांचं, प्रवासी मोजून पाच! त्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. म्हणजे क्वालालंपूरला पोचायला साधारण सव्वा तास. आजच्या जेटने वाचवला किती वेळ? अर्धा तास!

आणि तो अर्धा तास गेला कुठे? रस्त्यावर. तेव्हा सिंगापूरचा कालांग विमानतळ शहराला लागूनच होता आणि क्वालालंपूरचा सुंगाई बेसीही जवळच. पुढे विमानं मोठी झाली, धावपट्ट्या लांबल्या आणि विमानतळ शहराबाहेर सरकत गेले. सिंगापूरचा १९८१ मध्ये चांगीला गेला, क्वालालंपूरचा आधी सुबांग आणि १९९८ मध्ये थेट सेपांगला. तिथून शहरात यायला जलद रेल्वेलाही २८ मिनिटं लागतात. आमच्या धंद्यात याला म्हणतात, बॉटलनेक सोडून भलतंच ऑप्टिमाइझ करणं.

पण खरी गंमत राजकारणाची. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, तरी विमान कंपनी एकच राहिली. १९६६ मध्ये तिचं नाव झालं मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स. सिंगापूरला हवे होते परदेशी मार्ग, मलेशियाला हवं होतं देशांतर्गत जाळं. शेवटी १९७२ मध्ये वाटणी झाली. दोन भावांनी घर वाटून घेतलं, पण मधली वाट मात्र दोघांनीच वापरायची ठरवली. तीन दशकांहून जास्त काळ या मार्गावर मुख्यतः याच दोन कंपन्यांचं राज्य होतं, आणि भाडंही तसंच चढं. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वस्त कंपन्यांना शिरकाव मिळाला आणि चित्र पालटलं. २०१८ साली इथे वर्षाला सुमारे ३० हजार उड्डाणं होत होती, जगातला सर्वात गजबजलेला आंतरराष्ट्रीय मार्ग!

डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही देशांनी वेगवान रेल्वेचा करार केला. ३५० किलोमीटर, ९० मिनिटं, तेही शहरातून शहरात. विमानतळाची पायपीटच नाही. सगळा प्रश्न सुटला असता. पण मलेशियात सरकार बदललं, खर्चावरून चर्चा अडली आणि २०२० संपताना करारही संपला. मलेशियाने सिंगापूरला १० कोटी सिंगापूर डॉलरहून जास्त भरपाई दिली.

म्हणजे बघा, पाऊण तासाच्या अंतरात तंत्रज्ञान कधी आडवं आलंच नाही. जे काही अडलं ते टेबलावर अडलं. असो. दोघा भावांचं पुन्हा जमलं तर रेल्वेही धावेल.